शर्टाचा माग: यवतमाळ ते इचलकरंजी, सहा दिवस

दिवाळीत माझ्या भाच्यानं १,२९९ रुपयांचा शर्ट घेतला. फिकट निळा, बारीक रेघांचा. दुकानातल्या पाटीवर कापसाच्या उमललेल्या बोंडाचं चित्र होतं म्हणे. मानेला टोचतं म्हणून आतलं लेबल त्यानं त्याच रात्री कात्रीनं उडवलं. (ते लेबल पुढं महागात पडलं, इचलकरंजीच्या दिवशी सांगते.) भाऊबीजेच्या जेवणात तो सहज म्हणाला, "मावशी, यातला कापूस यवतमाळचा असेल का गं?" मी वाढण्याच्या घाईत होते. "जाऊन बघ की," म्हणाले. हे पोरगं बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, सगळं शब्दशः घेतं. डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो. माझी अट एकच: अंगावरचं बघतोय तर ताटातलंही काहीतरी बघायचं. म्हणून शेवटचा दिवस उसाला ठेवला.

पहिला दिवस: नागपूर

सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा पुण्याचा स्वेटर नागपूरच्या थंडीपुढे हसण्यावारी गेला. तर्री-पोह्यांनी जरा धुगधुगी आली. पुढची एसटी दुपारची होती, म्हणून भाच्याला एम्प्रेस मिलची जागा दाखवायला नेलं. जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी. म्हणून हे नाव. मुंबई सोडून गिरणी इथं काढायचं कारण साधं होतं. कापूस इथं पिकत होता आणि रेल्वे दहा वर्षांपूर्वीच आली होती.

आता तिथं मॉल आहे. जिथं सूत निघायचं तिथं तयार कपडे टांगलेत. भाच्यानं तीन दुकानांत विचारलं, "यातला कापूस कुठला?" दोघांनी आमच्याकडे संशयानं बघितलं. तिसरा मुलगा प्रामाणिक होता. "गोडाऊनमधून येतो, सर."

संध्याकाळी राळेगाव तालुक्यातल्या एका गावी पोचलो. माझ्या यजमानांचे कॉलेजातले मित्र तिथं आठ एकर करतात. प्रवासात एवढंच घडलं की एसटीत एका आजीबाईंनी भाच्याच्या मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवी ठेवली आणि उतरताना अर्धी त्यालाच दिली.

दुसरा दिवस: पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत

मी पहाटे साडेसहालाच तयार. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चहा घ्या आरामात. दहिवर उतरल्याशिवाय कोणी वावरात जात नाही." दवानं कापूस भिजलेला असतो, ओला वेचला की पिवळा पडतो. नऊच्या सुमाराला गावातल्या सहाजणी आल्या. साडी, वर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला जुन्या लुगड्याची ओटी.

कापूस म्हणजे मऊ, असं ज्यांनी बोंड हातात धरलेलं नाही तेच म्हणतात. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्या टोकाला काट्यासारख्या होतात. पाचही बोटं एकदम आत घालून बोंडाचे सगळे कप्पे एका ओढीत रिकामे करायचे, आणि वाळका पाला सोबत येऊ द्यायचा नाही. त्या बायका दोन्ही हातांनी, दोन वेगवेगळ्या झाडांवर, एकमेकींशी गप्पा मारत हे करत होत्या. भाच्यानं तासभर हात चालवला. नखांच्या कडेची कातडी तीन ठिकाणी सोलली आणि काट्यावर भरलं दीड किलो. त्यातही निम्मा पालाच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बापू, पाला नोको येचू. पाला तं बकरीबी येचते."

मजुरी किलोला दहा रुपये. म्हणजे त्याची तासाची कमाई पंधरा. बायका पहिल्या बहरात दिवसाला चाळीस किलोपर्यंत जातात. शेवटच्या वेचणीत बोंडं विरळ होतात, तेव्हा तेवढ्याच चालीत पंधरा-वीसही निघत नाही. दर बहुधा तोच राहतो.

मी फोटो काढायला मोबाइल उचलला तशी एक तरुण पोरगी म्हणाली, "काढा नं ताई. पन आमाले काय भेटन?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मोबाइल खाली ठेवला. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग साड्यांवरून विषय निघाला. सहाही जणींच्या अंगावर पॉलिस्टर. मी विचारलं, तर काकूंनी पदर झटकून दाखवला. "सुती लुगडं धुवाले जड, वाळाले उशीर, अन् घ्याले महाग. हे दोनशेचं. झटकलं का वाळलं." दिवसभर कापसात उभं राहून अंगाला कापूस नाही, यात त्यांना काही वेगळं वाटत नव्हतं. वाटलं ते मलाच.

दुपारी बांधावर डबे सुटले. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. हंगामाच्या पहिल्या वेचणीला इथं सीतादही करतात, वावरात पूजा करून दहीभात ठेवतात. "यंदा पावसानं पह्यलाच कापूस भिजवला, तरी केली," असं काकू म्हणाल्या.

भाऊजींसोबत धुऱ्यावरून फिरताना जे ऐकलं ते नीट लिहिणं अवघड आहे. २०१७ साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं फवारणी जास्त, दमट उकाडा, आणि उंच झाडावर नळी वर करून मारायची, म्हणजे औषध अंगावरच पडणार. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. भाऊजींचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, महिनाभर दवाखान्यात होता. तो आता बैलांचं बघतो, पंप हातात धरत नाही. मी त्याला काही विचारलं नाही. त्यानंच तुरीची शेंग सोलून दिली.

बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं आपल्याकडे २००२ ला आलं. बोंडअळीवर औषध कमी मारावं लागेल, हा त्याचा वायदा. पुढं गुलाबी अळीनं त्या बीटीलाही दाद द्यायचं सोडलं. आता गावोगाव 'चोर बीटी' आहे, म्हणजे तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं बियाणं. भाऊजींनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "माझ्याही वावरात आहे. निंदणाला बाया भेटत नाहीत." भाच्यानं विचारलं, "मग तणनाशक मारल्यावर निंदणाच्या बायांचं काय?" भाऊजी म्हणाले, "तेच तर." आणि विहिरीकडे वळले.

रात्री सोल्यांची भाजी होती, कोवळ्या तुरीच्या दाण्यांची. असली भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. त्या हंगामाचा (२०२५-२६) हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११०. तरी भाऊजींनी निम्मा माल गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला सात हजारांच्या आत घातला होता. कारण ओलावा. सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं कपात, बाराच्या वर माल परत. आणि पोराची फी डिसेंबरातच भरायची असते. त्यात ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. "तिकडं गिरणीवाल्याला सूत स्वस्त पाहिजे, इकडं मला भाव पाहिजे," भाऊजी म्हणाले. "आणि तुमच्या भाच्याला शर्ट."

जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर धरा. जानेवारीत झाडं खराट्यासारखी होतात. पूर्ण बाह्यांचे कपडे न्या, पायात बूट. ओळखीशिवाय कुणाच्या वावरात शिरू नका. आणि वेचून बघायची हौस असेल तर सकाळी आधी मालकाला नाही, बायकांना विचारा; तुमच्या पाल्यानं त्यांच्या मालाची प्रत उतरते.

तिसरा दिवस: जिनात, मग वर्धा

भाऊजींचा उरलेला कापूस घेऊन आम्हीही पिकअपमध्ये बसलो. जिनाबाहेर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याबाहेर, ट्रॅक्टरांची रांग. पुढच्या ट्रॅक्टरवरचा माणूस रात्री तिथंच कापसावर झोपला होता. "गादी लाखाची हाय," म्हणाला.

ग्रेडरनं ओलावा बघायचं यंत्र कापसात चार ठिकाणी खुपसलं. दहा टक्के. भाऊजींनी श्वास सोडला. गाडी काट्यावरून आत गेली, मागचं फळकं पडलं, आणि दोन महिन्यांचा कापूस पाच मिनिटांत गंजीवर गेला. काकूंनी वेचलेला, त्या फोटोवाल्या पोरीनं वेचलेला, माझ्या भाच्यानं पाल्यासकट वेचलेला. त्याच्या आधीच्या गाडीचा, नंतरच्या गाडीचा. दुमजली घराएवढी ती गंजी. भाचा तिच्याकडे बघत उभा राहिला. "संपलं की मावशी. आता यातला आपला कुठला?"

मला वाटतं, सगळ्या प्रवासात महत्त्वाची जागा हीच. इथपर्यंत कापसाला माणूस होता. ज्यानं फवारणी करताना मास्क लावला त्याचा आणि ज्यानं नाही लावला त्याचा, मजुरी वेळेवर दिली त्याचा आणि बुडवली त्याचा, असा सगळा माल इथं एका ढिगात जातो. कुणी लपवाछपवी करत नाही. भरधाव चालणाऱ्या यंत्राला वेगळं ठेवणं परवडत नाही, इतकंच. पण पुढच्या प्रत्येकाला "आम्हाला काय ठाऊक" म्हणायची सोय इथूनच होते. मला, शर्ट घेणाऱ्यालाही.

आत रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या रांगा. चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. शंभर किलो कापसातून ३५ किलोच्या आसपास रुई; बाकी सरकी, जिचं तेल निघतं आणि ढेप गाईम्हशींच्या पुढ्यात जाते. म्हणजे शर्टाच्या शोधात निघालेलं माणूस दुधाच्या पिशवीपाशीही पोचतं. हवेत इतका तंतू की दहा मिनिटांत भाच्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. खाली सांडलेली रुई झाडणाऱ्या बाईनं तोंडावर पदर गुंडाळलेला, तोच दोनशेच्या साडीतला.

दाबून १७० किलोची गाठ बांधतात. सरकारी खरेदीच्या गाठीवर आता क्यूआर कोड असतो. मुनीमजींनी कौतुकानं सांगितलं: खरेदी केंद्र कुठलं, जिन कुठला, प्रत काय, सगळं कळतं. भाच्यानं विचारलं, "शेत?" मुनीमजी त्याच्याकडे बघून हसले. "गाठीचा जन्म इथं झाला, बेटा. त्याच्या आधीचं कसं कळणार?"

(जिनात जाताना काडेपेटी-लायटर बाहेर ठेवावं लागतं, मोबाइलही काही ठिकाणी. तोंडाला साधा मास्क हवाच. खोकला दोन दिवस राहिला.)

दुपारी वर्धा. सेवाग्रामला गांधीजी १९३६ ला आले. बापूकुटीच्या सारवलेल्या जमिनीवर बसलं की डिसेंबरातही ऊब लागते. शाळेची सहल येऊन गेली आणि मग इतकी शांतता झाली की वर खारीची नखं कौलांवर वाजत होती. तिथून वर्ध्यात मगन संग्रहालय, १९३८ चं. चरख्यांचे इतके प्रकार मी एकत्र कधी बघितले नव्हते. एका ताईंनी भाच्याला कातायला बसवलं. सूत वीतभर निघे आणि तुटे.

खादीचं कापड घेतलं, वनस्पतींच्या रंगातलं, विटकरी. महाग वाटलं आणि मी सवयीनं विचारलं, "काही कमी होईल?" विचारल्यावर जीभ चावली. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एक गुंडी म्हणजे हजार मीटर सूत. कातणारीला त्याचे पंधरा रुपये मिळतात, तेही या एप्रिलपासून." मी मुकाट्यानं पैसे दिले. खादी घेतली म्हणजे आपण सुटलो, असं मला वाटत नाही. हजार मीटरला पंधरा रुपये ही काही सुटका नव्हे. पण निदान इथं विचारलं तर उत्तर देणारं माणूस समोर उभं होतं.

वर्ध्याहून निघताना गोरसपाक घ्यायला विसरू नका. आम्ही दोन पुडे घेतले, एक गाडीतच संपला.

चौथा दिवस: महाराष्ट्र एक्स्प्रेस

वर्ध्याहून थेट कोल्हापूरकडे नेणारी ही एकच सोयीची गाडी. एक अख्खा दिवस आणि रात्र जाते. लिहिण्यासारखं फार नाही, भुसावळची केळी आणि भाच्याचा हिशोब सोडून.

हिशोब त्यानं गोरसपाकच्या रिकाम्या पुड्यावर मांडला. शर्टाचं कापड साधारण पाव किलो. पिंजण्या-कातण्यातली तूट धरून रुई तीनशे ग्रॅम. म्हणजे सरकीसकट कापूस साडेआठशे-नऊशे ग्रॅम. हमीभावानं शेतकऱ्याचे सत्तर रुपये. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, आणि वेचणारीचे नऊ. "बाराशे नव्याण्णवपैकी नऊ," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "मावशी, तिला दुप्पट दिले तरी शर्ट तेराशे आठ होईल." शेजारच्या बर्थवरचे कापडाचे व्यापारी काका इतका वेळ डोळे मिटून होते. ते म्हणाले, "होईल रे बाळा. पण ते नऊ तिच्यापर्यंत जायला मधले पाच हात लागतात, आणि प्रत्येक हात टक्केवारीनं मोजतो." आणि परत झोपले.

पाचवा दिवस: इचलकरंजी

हातकणंगल्याला उतरलं की इचलकरंजी जवळ. गाव दिसायच्या आधी ऐकू येतं. गल्लीत शिरलो आणि पायाखालची फरशी थरथरायला लागली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या पाठबळावर. तेव्हापासून खट्-खट् थांबलेली नाही असं म्हणायचे. आता काही शेड बंद दिसतात, बाहेर भंगारच्या वजनानं विकायला काढलेले माग.

आम्ही गेलो ते आठ मागांचे मालक खर्चीवाले. म्हणजे व्यापारी सूत देणार, हे विणून कापड परत देणार, मजुरी घेणार. मालक म्हणावं तर सकाळपासून स्वतःच तेलाच्या हातांनी मागाखाली झोपलेले. "सूत आमचं न्हवं, कापड बी आमचं न्हवं," बाहेर येत म्हणाले. "माग तेवढा आमचा. त्योबी बँकेचा." सूत कुठलं, विचारलं. "पोत्यावर गिरणीचं नाव असतंय. कापूस कुठला, त्ये गिरणीला इचारा." गिरणीवाला जिनाला विचारा म्हणेल. जिन आम्ही बघून आलो होतो.

आत बोलणं अशक्य. कानात कापूस घाला, अगदी खरा सल्ला आहे. कामगार ओठांवरून आणि बोटांवरून बोलतात. एक माणूस चार माग सांभाळतो, बारा तासांची पाळी. धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली सुताची कांडी संपली की माग न थांबवल्यासारखा थांबवून बदलतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. मजुरी पिकावर, म्हणजे इंचात किती आडवे धागे त्यावर, मीटरमागे पैशांत. बावन्न पीक हे मोजमापाचं जुनं माप, त्यावरून वर-खाली. अठरा वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेल्या एका कामगारानं बाहेर चहा पिताना अस्सल इचलकरंजी मराठीत हिशोब दिला: भाच्याच्या शर्टाला लागेल तेवढ्या कापडाचे त्याला चार-पाच रुपये पडले असते. 'असते', कारण पुढं जे झालं ते असं.

घडी खात्यात एक म्हातारबाबा कापडातले दोष बघत बसले होते. भाच्याचा शर्ट चिमटीत धरून अंगठा फिरवला. खिशातून पिकं मोजायचं छोटं भिंग काढलं, शर्टाच्या टोकावर ठेवलं, वाकून बघितलं. "ह्यो आमच्या साध्या मागावरचा न्हवं. एअरजेटचा हाय." म्हणजे हवेच्या झोतानं आडवा धागा नेणाऱ्या मागाचा. मग आतल्या शिवणीतून एक धागा उसवून काढला, शिलाईचा नव्हे, कापडाचा. बाहेर येऊन काडी पेटवली. कापूस जळला तर कागदासारखा वास आणि राख. इथं राखही पडली आणि तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढी काळी कडक गोळीही उरली. बाबांनी ती भाच्याच्या तळहातावर ठेवली. "समदा कापूस न्हाई, पोरा. निम्मं प्लास्टिक घालून फिरतुयास."

भाच्यानं तिथूनच मोबाइलवर तो शर्ट शोधला. 'कॉटन रिच', ठळक अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत पॉलिस्टर ४० टक्के. आतल्या लेबलवरही असणारच होतं. कुणी फसवलं नव्हतं. बोंडाचं चित्र आम्ही वाचलं, बारीक अक्षरं नाही. गाडीतला सगळा हिशोब चुकला. वेचणारीचे नऊ नाही, साडेपाच.

"म्हणजे काकूंची साडी आणि माझा शर्ट..." तो म्हणाला, आणि वाक्य सोडून दिलं.

संध्याकाळी पंचगंगेवर. रंगाचं, प्रोसेसचं पाणी, गावांचं सांडपाणी, सगळं हिच्यात. २०१२ च्या काविळीच्या साथीत इथं माणसं गेली, ते गावकरी अजून तारखेसकट सांगतात. पाण्यावर जलपर्णी इतकी दाट की बगळे तिच्यावरून चालत होते. शर्टाला रंग कुठं लागला हे आम्हाला कळलं नाही. पण कुठल्यातरी नदीला ते नक्की कळलं असेल.

इचलकरंजीत शुक्रवारी वीज बंद असली तर माग बंद. जायच्या आधी ओळखीच्या माणसाला विचारून घ्या. आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जा, तेव्हा माणसं बोलतात.

सहावा दिवस: शिरोळचा ऊस

आता ताटातलं. पहाटे साडेपाचला शिरोळच्या बाजूला एका फडात पोचलो. आम्हाला वाटलं लवकर आलो. टोळी चारपासून तोडत होती. बीड जिल्ह्यातली बारा जोडपी. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर, उसाच्या मोळ्याही कोयत्यावर. बाईचं नाव कुठल्याच कागदावर वेगळं नाही.

उसाची पानं कापडाला नाही, कातडीला लागतात. बायका इथंही नवऱ्याचे शर्ट घालून. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, फळी वाकते, वरचा माणूस ओढून घेतो, त्या उतरतात. मी अर्धा तास मोजत होते, मग सोडलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. मुकादमानं ते मोठ्या आवाजात सांगितलं. बाजूला बसलेली तिशीतली बाई हळू आवाजात म्हणाली, "वाढला. उचलबी वाढली. फिटत न्हाई ती न्हाईच."

एक दिवस कोयता बंद, तर खाडा. त्याचे पैसे कापतात. मासिक पाळीत, दुखण्यात, बाळंतपणात खाडाच. २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी हे वाचून आले होते, विचारायचं धाडस नव्हतं. तिनंच कोपीपुढं (झोपडीपुढं) चूल फुंकता फुंकता सांगितलं, "माझी पिशवी काढली, चार सालं झाली. कंबर जाती आता." आणि लगेच, "चहा घेता ना ताई?"

चहा कोरा, गोडमिट्ट. मी म्हटलं, साखर कारखान्यातून मिळते का? ती हसली. "सभासदाला भेटती दिवाळीची. आमी दुकानातून आणतो किलोनं." शेतकरी सभासद तिथंच उभा होता. भला माणूस, कोप्यांना पाणी त्याच्या बोअरचं. पण त्याचीही तक्रार होती: ऊस लवकर तोडून हवा असेल तर टोळीला 'खुशाली' द्यावी लागते, नाहीतर फडाला तुरे येतात आणि साखरेचा उतारा पडतो. मुकादमाचं म्हणणं, त्याची उचल बुडवून दोन कोयते पळाले. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याची चूक होती आणि प्रत्येकाची खरी होती. मुलं मात्र वाढ्याच्या पेंड्या बांधत होती, वैरणीला विकायला. त्यातलं एक शाळेच्या गणवेशाच्या शर्टात. शाळा बीडला, शर्ट इथं.

आम्ही रिकाम्या हातांनी गेलो नव्हतो, पण जे नेलं ते चुकलं. बिस्किटं, मिठाई. नेणारच असाल तर सॅनिटरी पॅड, मलम, बॅटरी न्या. आणि विचारल्याशिवाय मुलांचे फोटो नकोत, हे मी दुसऱ्या दिवशीच शिकले होते.

दुपारी नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम; काल जी नदी इचलकरंजीला बघितली तीच इथं घाटाला लागते आणि लोक ओंजळीत घेतात. दर्शन झालं, घाटावर ऊन छान होतं. बाहेर बासुंदी आणि कवठाची बर्फी. भाच्यानं बर्फी तोंडाजवळ नेली, थांबला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खा." त्यानं खाल्ली. मीही खाल्ली. अतिशय चांगली होती.

घरी

परतल्यावर आठवड्याभरानं वर्ध्याची खादी घेऊन आम्ही आमच्या टेलरकडे गेलो. निळा शर्ट भाचा अजून घालतो; फेकला तर तो कुठं जाईल हेही त्यानं शोधून ठेवलंय, त्यामुळे फाटेपर्यंत घालणार म्हणतो. टेलरनं विटकरी कापड उलगडलं, उजेडात धरलं, बोटांत चुरगाळलं.

"कापड कुठलं?" त्यानं विचारलं.

भाचा याच प्रश्नाची वाट बघत होता. वर्ध्यापासून त्यानं सुरुवात केली. चरखा, गुंडी, पंधरा रुपये, मग मागं जाऊन राळेगाव, दहिवर, ओटी. जिनापर्यंत आला तेव्हा टेलरनं टेप गळ्यात टाकून हात वर केला.

"तसं नव्हे रे. पाण्यातून काढून आणलंयस का? हे आटतं."